मंत्र, अधिकार आणि येरवडा

मंत्राविषयी आपल्या परंपरेत दोन प्रश्न फार जुने आहेत. मंत्राचे सामर्थ्य कशात असते, हा पहिला: ध्वनीत, अर्थात, की म्हणणाऱ्याच्या चित्तात? मंत्र कोणी म्हणावा, हा दुसरा. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडे गेला आणि दुसरा समाजसुधारणेच्या इतिहासकारांकडे. या वाटणीमुळे दोहोंचे नाते नजरेआड झाले. वस्तुतः मंत्राचे सामर्थ्य कशात, याचे जे उत्तर आपण देतो त्यातूनच तो कोणाला मिळावा आणि कोणाला मिळू नये हे ठरत जाते. १९३० ते १९३३ या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणि त्याच्या परिसरात हे दोन्ही प्रश्न एकमेकांसमोर येऊन उभे राहिले. त्या तीन वर्षांकडे पुणे कराराच्या राजकारणाखेरीज याही दृष्टीने पाहता येते, आणि तसे पाहिल्यास आपल्या संतसाहित्याचे वाचनही थोडे बदलते, असे मला वाटते.

प्रारंभ जुन्या वादापासून करू. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदलेले आहे. वेदमंत्रांना अर्थ नसतो, असे ते मत. शब्दांचा क्रम ठरलेला, एका शब्दाच्या जागी समानार्थी दुसरा चालत नाही, मग अर्थाचा संबंध काय, असा त्याचा युक्तिवाद. यास्काने तो खोडून काढला. तरी कर्मकांडाच्या व्यवहारात कौत्साचाच विजय झाला, असे म्हणावेसे वाटते. स्वर चुकला तर मंत्र यजमानावर उलटतो, ही इंद्रशत्रूची कथा पतंजलीच्या महाभाष्यात आहे. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानला आणि मंत्राचे प्रामाण्य कोणाही वक्त्यावर अवलंबून ठेवले नाही. हा विचार बुद्धीला भव्य वाटतो. परंतु सामर्थ्य ध्वनीत आहे असे ठरले की ध्वनीचे रक्षण करावे लागते, आणि रक्षण म्हटले की पहारा आला. उपनयन झालेल्यानेच तो ध्वनी उच्चारावा, इतरांनी ऐकूही नये. ऐकणाऱ्या शूद्राला गौतमधर्मसूत्राने सांगितलेली शिक्षा सर्वपरिचित आहे. ब्रह्मसूत्राच्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनीही त्या वचनाचा आधार घेतला.

पण त्याच अधिकरणात आचार्यांनी एक दार किलकिले ठेवले आहे. वेदाचा अधिकार नसला तरी इतिहास-पुराणे चारही वर्णांना ऐकवता येतात, हे त्यांनी मान्य केले. मनुस्मृतीतही एक मौजेची पायरी आहे. विधियज्ञापेक्षा जप दहापटीने श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपटीने, आणि मनातल्या मनात केलेला जप हजारपटीने श्रेष्ठ, असा तो क्रम. मनूने हे द्विजांसाठी सांगितले, यात शंका नाही. परंतु त्यातला तर्क कोठे जातो ते पाहावे. जप जितका वरच्या पायरीचा तितका तो कमी ऐकू येतो. आणि जो ऐकूच येत नाही त्यावर पहारा कसा बसवणार? गीतेने यज्ञांमध्ये जपयज्ञाला मान दिला तेव्हा ही वाट अधिकच रुंद झाली.

मराठी संतांनी या वाटेचा राजमार्ग केला. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाच्या कृपणपणाविषयीचा प्रसिद्ध भाग आहे. वेद संपन्न खरा, पण तो तीन वर्णांच्याच कानी लागतो आणि स्त्रीशूद्रांकडे पाठ फिरवतो. ते उणे भरून काढण्यासाठी तो गीतारूपाने पुन्हा प्रकटला, असा ज्ञानेश्वरांचा आशय आहे. ही टीका अतिशय सौम्य आहे आणि म्हणूनच ती मर्मावर बसते. पुढे नामाने मंत्राची जागा घेतली. नामाला स्वर नाही, मुहूर्त नाही, सोवळे नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला तो ‘रामकृष्णहरि’. दीक्षेचा मंत्र असूनही त्यात लपवण्यासारखे काही नाही, वारीत तो हजारो माणसे टाळ्यांवर म्हणतात. तिकडे तमिळ देशात रामानुजांनी गुरूची आज्ञा मोडून अष्टाक्षरी मंत्र तिरुकोष्टियूरच्या गोपुरावरून सर्वांना ऐकवला, अशी कथा आहे. रामानुजांना त्यासाठी गुप्तता मोडावी लागली. आपल्या संतांनी गुप्ततेची गरजच नाहीशी केली.

येथपर्यंतची कहाणी आपण वर्गांतून आणि व्याख्यानांतून समाधानाने सांगतो. तिची दुसरी बाजू सांगताना आवाज थोडा खाली येतो. तुकोबांच्या वाणीतून वेदार्थ प्रकट होतो म्हणून रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या, ही परंपरेनेच जपलेली आठवण आहे. म्हणजे नाम चालेल, पण नामातून प्रामाण्य सांगू नये, ही मर्यादा कायम होती. चोखोबांचे उदाहरण याहून कठोर आहे. विठ्ठलाचे नाम त्यांना कोणी नाकारले नाही. त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी राहिले. पण त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. सहा शतके नाम खुले होते आणि दार बंद होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी इतका काळ कशा नांदल्या? याचे कारण मनूच्या त्या पायऱ्यांतच आहे. मनातला जप कोणी अडवू शकत नाही. म्हणूनच तो देऊन टाकणे सोपे होते. देणाऱ्याचे त्यात काही जात नव्हते. नामाने अधिकाराचा प्रश्न सोडवला नाही, त्याला वळसा घातला.

वळसा पुरेसा नाही, हे एकोणिसावे शतक संपता संपता दिसू लागले. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानप्रसंगी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले आणि वेदोक्त प्रकरण उभे राहिले. शंकराचार्यांनी किलकिले ठेवलेले पुराणांचे दार हेच आता अपमानाचे चिन्ह ठरले. पुढचा प्रश्न मात्र तेथे अनुत्तरितच राहिला: छत्रपतींना वेदोक्त मिळाले, तर महारा-मांगांचे काय?

या पार्श्वभूमीवर येरवड्याकडे येऊ. मे १९३० मध्ये गांधीजींना येथे आणले गेले. तुरुंगाला ते ‘यरवडा मंदिर’ म्हणत आणि तसे पत्रांवर लिहीत. दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. तीच पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. याच मुक्कामात त्यांनी मीराबेनसाठी आश्रम भजनावलीचा इंग्रजी अनुवाद केला. नारायण मोरेश्वर खरे यांनी संकलित केलेल्या या भजनावलीत उपनिषदांतील मंत्र आणि मराठी संतांचे अभंग एकाच प्रार्थनेत येतात. वेदोक्त, पुराणोक्त आणि प्राकृत ही उतरंड तेथे कोणताही गाजावाजा न करता मोडली आहे. गांधीजींचे स्वतःचे साधन रामनाम. ते त्यांना लहानपणी रंभा नावाच्या दाईकडून मिळाले, असे आत्मकथेत नमूद आहे. गुरुपरंपरेच्या दृष्टीने पाहता हा मंत्र कोणत्याच संप्रदायाचा नव्हता.

१९३२ साली प्रश्न मनातून बाहेर आला. २० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले, २४ला पुणे करार झाला, २६ला उपोषण सुटले. त्या संध्याकाळी रवींद्रनाथ ठाकूर उपस्थित होते आणि त्यांनी आपले गीत म्हटले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच प्रसंगी संस्कृत मंत्र म्हणणारे परचुरेशास्त्री मात्र विस्मरणात गेले आहेत. ते संस्कृतचे पंडित, राजकीय कैदी आणि कुष्ठरोगी. तुरुंगात त्यांना वेगळे ठेवलेले होते. श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य असलेल्यांच्या स्मृतिग्रंथांतील याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या निवडीचा अर्थ वेगळा सांगायला नको. जन्माने ज्याला मंत्राचा पूर्ण अधिकार आणि रोगाने ज्याला पंक्तीबाहेर काढलेले, अशा माणसाच्या मुखातून तेथे मंत्र आला. पुढे हेच शास्त्रीबुवा सेवाग्रामला गेले आणि गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली.

नोव्हेंबर १९३२ पासून गांधीजींना तुरुंगातून अस्पृश्यतानिवारणाचे काम करण्याची परवानगी मिळाली आणि शास्त्रीपंडितांची ये-जा सुरू झाली. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे की नाही, हा वादाचा विषय. सनातनी पक्षाची भूमिका सरळ होती: वचन दाखवले की निर्णय झाला. गांधीजींनी दुसरी कसोटी पुढे केली. सत्य, अहिंसा आणि बुद्धी यांना जे उघड विरोधी, ते शास्त्र नव्हे. आणि यमनियम आचरल्यावाचून शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकारच येत नाही. अधिकार हा शब्द त्यांनी ठेवला, त्याचा आधार मात्र जन्मावरून आचरणावर नेला. मंत्राचे सामर्थ्य ध्वनीत नसून चित्तात आहे, या भक्तीच्या जुन्या उत्तराचाच हा सामाजिक विस्तार होता.

या कसोटीतील उणीव तेव्हाच्या विचारवंतांना दिसत नव्हती असे नाही. मे १९३३ मधील एकवीस दिवसांच्या उपोषणाचा निर्णय गांधीजींनी अंतर्नादाच्या आधारे घेतला. अंतर्नादाशी वाद घालता येत नाही. ग्रंथाची दोन वचने समोरासमोर ठेवता येतात. दोन अंतर्नाद समोरासमोर आले तर निवाडा कोणी करायचा? गांधीजींना मदत करायला वाईहून आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी त्या वेळी बत्तिशीच्या आतले होते. प्राज्ञपाठशाळेत तयार झालेल्या या तर्कतीर्थांची वाट वेगळी होती. धर्मशास्त्र स्वतःच बदलत आले आहे, हे शास्त्राच्या भाषेतच दाखवता येते. पूर्वी विहित असलेल्या गोष्टी कलियुगात वर्ज्य ठरवणारे कलिवर्ज्य प्रकरण परंपरेनेच रचलेले आहे. जुने विहित आज निषिद्ध होऊ शकते, तर जुने निषिद्ध आज विहित का होऊ नये? १९३७ पासून वाईहून प्रसिद्ध होऊ लागलेल्या धर्मकोशामागे हीच इतिहासदृष्टी आहे. त्याच तुरुंगात पन्नाशी ओलांडलेले वल्लभभाई सातवळेकरांच्या पाठमालेवरून संस्कृत शिकत होते, ही गोष्ट वरवर किरकोळ, पण सूचक आहे. छापखान्याने ग्रंथावरचा पहारा केव्हाच उठवला होता. उरला होता तो मनावरचा.

तिसरे उत्तर डॉ. आंबेडकरांचे. ४ फेब्रुवारी १९३३ रोजी ते येरवड्यात गांधीजींना भेटले. विषय मंदिरप्रवेशाचा होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांनी १९३० साली सुरू केला, त्यांनीच आता मंदिरप्रवेशाच्या विधेयकाबद्दल उत्साह दाखवला नाही. दार उघडल्याने चातुर्वर्ण्य जाणार आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली होती. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी मुद्दा टोकाला नेला: अर्थ बदलून भागणार नाही, शास्त्राच्या पावित्र्यावरची श्रद्धाच नष्ट झाली पाहिजे. संतांविषयीची त्यांची तक्रारही याच जातीची. देवापुढे सारे समान, असे संतांनी सांगितले. माणसामाणसांतल्या समतेसाठी ते झगडले नाहीत. हे विधान आपल्याला बोचते. परंतु चोखोबांच्या समाधीपाशी उभे राहून त्याला उत्तर देणे सोपे नाही.

येरवड्यातील शेवटचा प्रसंग तुरुंगाबाहेरचा आहे. सुटकेनंतर गांधीजी नदीकाठच्या टेकडीवर, प्रेमलीलाबाई ठाकरसींच्या पर्णकुटीत राहिले. तेथे १६ जून १९३३ रोजी देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वधू ब्राह्मण, वर वैश्य: स्मृतींनी निंद्य मानलेला प्रतिलोम विवाह. पौरोहित्य तर्कतीर्थांनी केले. स्मृतीचा निषेध झुगारून लागलेले हे लग्न मंत्रांनीच लागले. मंत्र टाकला नाही, पहारा उठवला. गांधी-तर्कतीर्थ मार्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा या एका प्रसंगात एकत्र दिसतात. सामर्थ्य असे की परंपरेचा शब्द परंपरेच्या अन्यायाविरुद्ध उभा राहिला. मर्यादा अशी की वधूवर दोघेही सवर्ण होते.

आंबेडकरांनी मंत्र नाकारला, मग पठणही नाकारले काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी त्रिशरण आणि पंचशील म्हटले. त्याच्या जोडीला बावीस प्रतिज्ञा होत्या. तेथे शब्दाचे सामर्थ्य ध्वनीत नव्हते, केवळ चित्तातही नव्हते. ते म्हणणाऱ्याने पुढे कसे वागावे याच्या जाहीर कबुलीत होते. मनातल्या मनात करायचा हा जप नव्हता. तो सर्वांनी ऐकावा यासाठीच होता. मानस जप हजारपटीने श्रेष्ठ, या पायरीला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

नामपर अभंग शिकवताना आपण नामाचा महिमा सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. त्याबरोबर एक प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा: हा अभंग कोठे उभे राहून म्हटला गेला, दाराच्या आत की बाहेर? एकच नाम दोन ठिकाणांहून म्हटले गेले तर त्याचा अर्थ एकच राहत नाही. आत उभ्या असलेल्याचे नाम ही कृतज्ञता असते. बाहेर उभ्या असलेल्याच्या नामात एक मागणीही असते, आणि ती ऐकायला आपल्याला फार वेळ लागला.