वारणेचा संगणक आणि खिशातली पाटी

मंडळी, माझ्या खिशात एक संगणक आहे. ‘रास्पबेरी पाय’ नावाची पत्त्याएवढी सर्किटची पाटी. पण तिच्याकडे वळण्याआधी आपण वारणेच्या काठी जाऊ.

१९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं, सहकारी साखर कारखाना आणि गावोगावी संगणक केंद्रं. शेतीची माहिती, बाजारभाव, सगळं तिथं मिळावं ही अपेक्षा. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर शेतकरी मुख्यतः उसाचं वजन, बिल आणि खताचा हिशेब विचारत होते. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. एसएमएस पाठवायचा, कारखान्याकडून उत्तर यायचं. ८ महिन्यांच्या त्या प्रयोगात खर्च वाचला आणि शेतकऱ्यांनाही सोय आवडली.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला प्रश्न पडतो: पुरेसं म्हणजे कुणाला पुरेसं? वजन कळायला एसएमएस पुरतो. पण त्याच शेतकऱ्याच्या मुलीला प्रोग्राम लिहायचा असेल तर?

ही पाटी अशाच प्रश्नातून जन्मली. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना प्रोग्रामिंगचा सराव कमी होत चाललाय, ही एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची काळजी. २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरची ‘पाय’ विक्रीला आली. ती डेस्कटॉप म्हणून वापरायला फारच मंद होती. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ४ जीबीपर्यंत मेमरी आली, २०२० मध्ये अख्खा संगणक कीबोर्डातच बसला. तिथून घरच्या मोठ्या डब्याला खरा पर्याय उभा राहिला.

मी माझी टिपणं हिच्यावरच लिहितो. लिनक्स, लिब्रेऑफिस, युनिकोड देवनागरी, माझं भागतं. पण सगळं गोड नाही हं! एकदा ऐन वेळी लाईट गेली, मेमरी कार्ड बिघडलं आणि अर्धं व्याख्यान बुडालं. तेव्हापासून पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवतो. शिवाय मॉनिटर, कीबोर्ड, कार्ड, चार्जर नव्यानं घ्यायचे म्हटलं तर स्वस्ताई बरीच आटते. जुना मॉनिटर घरात पडून असेल, तर हिशेब जमतो.

आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. हातानं काम करणारा विद्यार्थी त्यांना कमी प्रतीचा वाटला नाही. म्हणून म्हणतो, शाळेला स्वस्त यंत्र जरूर द्या; पण मुलांना ते उघडू द्या, बिघडवू द्या, पुन्हा उभं करू द्या. कार्ड बिघडलं तर नवं मिळतं. मुलांची धास्ती एकदा बसली की लवकर जात नाही.