वेल्लोरचा खंदक आणि नरहरी रुद्रांचा वेढा

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी अनेक कुटुंबांस वेल्लोर हे नाव अपरिचित नाही. तामिळनाडूतील हे शहर तेथील मोठ्या रुग्णालयामुळे सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध आहे. काटपाडी स्थानकावर उतरावे, रुग्णास घेऊन वेल्लोरास जावे आणि तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत चार दिवस वाट पाहावी, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. गेल्या वर्षी एका आप्ताच्या सोबतीस आम्हांसही तेथे राहावे लागले. रुग्णालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर एक प्रचंड भुईकोट किल्ला उभा आहे. त्याच्या इतिहासात मराठ्यांचे एक सोनेरी पान आहे. तथापि तो आवर्जून पाहिलेला मराठी मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा किल्ला सोळाव्या शतकात विजयनगरच्या नायकांनी बांधला. त्याचा विस्तार सुमारे १३३ एकर आहे. घडीव ग्रॅनाइटचा दुहेरी तट, ठिकठिकाणी गोलाकार बुरूज आणि त्यांस वेढणारा पाण्याचा रुंद खंदक, असे त्याचे स्वरूप आहे. सह्याद्रीतील गड पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांस हा प्रकार प्रथम नवखा वाटतो. आपल्या गडांचे रक्षण उंची करते. येथे ते काम पाण्याकडे आहे. जेथे पाणी भरलेले आहे तेथे तटाला शिडी लावता येत नाही. तटाखाली सुरुंग खणावा, तर भुयारात पाणी शिरते. शत्रूने तटास भगदाड पाडले, तरी मधले पाणी ओलांडल्यावाचून ते त्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून असा किल्ला हल्ल्याने सहसा पडत नाही. तो पडतो उपासमारीने, रोगराईने किंवा फितुरीने.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून आपली बखर १६९७ साली जिंजीस लिहिली. जिंजी वेल्लोरपासून फार दूर नाही. सभासदांनी या किल्ल्याचा उल्लेख येलूर असा केला असून, खंदकात दहा हजार सुसरी असल्याचे म्हटले आहे. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी सह्याद्रीचे कडे पाहिले होते, त्या मराठ्यांच्या मनावरही या खंदकाचा केवढा वचक बसला होता, हे त्यावरून ध्यानी येते.

शिवाजी महाराज १६७७ साली दक्षिण दिग्विजयास निघाले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तह करून ते कर्नाटकात उतरले, तेव्हा जिंजीसारखा बळकट किल्ला त्यांच्या हाती लवकर आला. वेल्लोर मात्र तसे हाती येईना. तेथे विजापूरकरांचा हबशी किल्लेदार अब्दुल्लाखान कोटाचे दरवाजे बंद करून बसला होता. महाराजांनी स्थळाची पाहणी केली. खंदक ओलांडून तटावर माणसे घालणे म्हणजे ती पाण्यात लोटण्यासारखेच होते. शेजारी डोंगर होते. तेथून तोफांचा मारा कोटावर पोहोचत असे. त्या डोंगरांवरील ठाण्यांस साजरा व गोजरा अशी नावे मिळाली. इतकी व्यवस्था लावून आणि वेढ्याचे काम नरहरी रुद्र यांच्यावर सोपवून महाराज पुढे गेले. १६७७ च्या अखेरीपर्यंत त्यांनी कर्नाटकचा मैदानी मुलूखही सोडला आणि ते स्वदेशाकडे वळले.

या घटनेचा खरा महत्त्वाचा भाग येथून पुढे सुरू होतो. राजे गेले, वेढा मात्र राहिला. मूळ मुलूख शेकडो कोस दूर, भाषा परकी, हवा उष्ण, आणि समोर पाणी व दगड. अशा स्थितीत नरहरी रुद्र व त्यांची माणसे सुमारे चौदा महिने तेथे टिकून राहिली. वेढा म्हणजे रोजची लढाई नव्हे. धान्याच्या वाटा अडविणे, रात्रीचे पहारे चुकू न देणे, स्वतःच्या फौजेचा शिधा वेळेवर आणविणे, आणि आज काही घडले नाही म्हणून उद्याचे काम सैल न सोडणे, हेच वेढ्याचे नित्यकर्म होय. याच्यावर पोवाडे रचले जात नाहीत. अखेर कोटातील शिबंदी रोगराईने व टंचाईने खंगली आणि १६७८ साली अब्दुल्लाखानाने किल्ला स्वाधीन केला. पुढे सुमारे तीस वर्षे, मुघल सरदार दाऊदखानाने तो घेईपर्यंत, वेल्लोर मराठ्यांच्या ताब्यात राहिले. आपल्या शाळांतील किती मुलांस नरहरी रुद्र हे नाव सांगता येईल, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

याच तटाच्या आत १८०६ साली याच्या अगदी उलट प्रकार घडला. तेव्हा किल्ला इंग्रजांकडे होता व टिपू सुलतानाचे कुटुंब तेथे नजरकैदेत होते. मद्रास फौजेतील शिपायांनी कवायतीच्या वेळी कपाळी गंध लावू नये, कानांत भूषणे घालू नयेत, दाढी ठरावीक रीतीने कातरावी आणि नव्या तऱ्हेची पगडी घालावी, असे हुकूम सुटले होते. हिंदू व मुसलमान दोघांनाही ते असह्य झाले. १० जुलै १८०६ रोजी पहाटेच्या काळोखात शिपायांनी उठाव केला, शंभरांहून अधिक युरोपीय मारले आणि किल्ला घेऊन त्यावर म्हैसूरचे निशाण चढविले. १८५७ च्या एक्कावन्न वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परंतु किल्ला हाती येताच शिस्त मोडली. पुष्कळ जण लुटीच्या मागे लागले आणि बाहेरील दरवाजे उघडेच राहिले. वार्ता सोळा मैलांवरील अर्काट येथे पोहोचली. तेथून कर्नल गिलेस्पी घोडदळासह सकाळीच दाखल झाला. तटावर तग धरून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांनी त्याला वर ओढून घेतले. मागून आलेल्या तोफांनी आतला दरवाजा फोडला. दुपारच्या आत सर्व संपले होते. शेकडो शिपाई मारले गेले. त्यांचे गाऱ्हाणे खरे होते व धैर्यही खरे होते, म्हणूनच त्यांची स्मृती आपण आदराने जपली पाहिजे. पुढे मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक व सेनापती क्रॅडॉक यांस परत बोलावण्यात आले आणि ते हुकूमही मागे घेतले गेले. तथापि किल्ला मात्र गेला. रात्रीत मिळविलेले सकाळी राखता आले नाही.

किल्ल्यातील जलकंठेश्वराचे मंदिर अवश्य पाहावे. तेथील कल्याणमंडपाच्या खांबांवर कोरलेले घोडेस्वार व व्याल पाहून मन थक्क होते. या मंदिरात कित्येक पिढ्या मूर्ती नव्हती, पूजा नव्हती. लढाईच्या काळात त्याचा दारूगोळा ठेवण्यासाठी उपयोग झाला. १९८१ साली तेथे शिवलिंगाची पुन्हा स्थापना झाली व आज नित्य पूजा चालते. त्याच तटाच्या आत एक मशीद आणि एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिरही आहे.

किल्ल्यातच शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेथे पल्लव काळाच्या उत्तरार्धापासून विजयनगरपर्यंतची शिल्पे, नाणी व शस्त्रे मांडलेली आहेत. कँडीचा शेवटचा राजा विक्रम राजसिंह यास इंग्रजांनी १८१५ साली पदच्युत करून वेल्लोरास आणले व १८३२ साली तो तेथेच मरण पावला. त्याचे हस्तिदंती बुद्धिबळाचे पटही येथे आहेत. राज्य गेलेल्या राजाने त्या पटावर सोळा वर्षे कशी कंठली असतील, हा विचार मनास चटका लावतो. आमची पावले मात्र अधिक वेळ थबकली ती वीरगळांपाशी. आपल्या गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात जसे वीरगळ असतात, तसेच ते तामिळ प्रदेशातही आहेत. तिकडे त्यांस नडुकल म्हणतात. गावची गुरे राखताना पडलेल्या सामान्य माणसाचे स्मारक गावाने दगडात केले. राजांचे नाव राखण्यास बखरी असतात. पहारेकऱ्याचे नाव राखण्यास त्याच्या गावालाच पुढे यावे लागते.

आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकात ही कथा सांगण्याचा हेतू इतकाच. कोणत्याही ज्ञातिसंस्थेत आरंभ करणाऱ्यांच्या तसबिरी भिंतीवर लागतात आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांच्या पश्चात वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करणारे, हिशेबाच्या वह्या लिहिणारे, गरीब विद्यार्थ्यांचे अर्ज वाचणारे जे असतात, त्यांच्यावरच संस्था उभी असते. उत्साहाने काम सुरू करणारे आपल्यात कधीच उणे पडले नाहीत. उणीव भासते ती चौदाव्या महिन्यातही पहारा न सोडणाऱ्यांची. तरुण मंडळींनी हे मनावर घ्यावे. आणि ज्यांच्या घरी अशा निरलस कार्यकर्त्यांच्या आठवणी, पत्रे वा जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जपून ठेवाव्यात, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.

वेल्लोरास जाण्याचा प्रसंग कोणावर आजारपणामुळे न येवो. पण आलाच, तर संध्याकाळी मुलाबाळांसह त्या खंदकाच्या काठी अवश्य जावे आणि त्यांना नरहरी रुद्रांचे नाव सांगावे.