क्रॉसिंगला थांबलेले थ्रेड

रोहा-कोलाड रस्त्यावर धाटावची एमआयडीसी लागते. तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात मी काम करतो. पगार डिस्पॅच क्लार्कचा, पण जीव पायथनमध्ये अडकलेला. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री आमच्या गेटवर एक टँकर सकाळपर्यंत अडकून पडला. ड्रायव्हर भिजत खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, माझा नंबर आधीच आत गेलाय म्हणतायत." त्याचं बरोबर होतं. दोन टँकरना एकच गेटपास नंबर गेला होता आणि तो माझ्या बॉटने दिला होता.

बॉट साधाच होता. रोज संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वेबसाइट उघडायच्या, दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची माहिती उचलायची आणि प्रत्येक गाडीला पुढचा नंबर देऊन पास तयार करायचा. सगळ्या साइटवरच्या मिळून तीनशे नोंदी. एका नोंदीला चार सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. त्या चार सेकंदांत माझा कॉम्प्युटर जवळजवळ काहीच करत नव्हता, समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत होता. अशा कामाला मल्टिथ्रेडिंग चपखल बसतं. एक थ्रेड वाट बघत बसला की दुसऱ्याने आपली विनंती पाठवायची. आठ थ्रेड लावले आणि काम अडीच मिनिटांत उरकलं. मी हवेत होतो.

नंबर मात्र एका फाइलमध्ये होता. दोन थ्रेडनी ती एकाच क्षणी वाचली, दोघांनाही ४१७ दिसलं, दोघांनीही ४१८ लिहिलं.

हे मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. पायथन वगैरे त्यांच्या गावीही नाही, पण दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "अरे, म्हणजे गोळा न देताच दोन गाड्या सोडल्यास की तू!"

गोळा म्हणजे नीलचा बॉल टोकन. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर कित्येक वर्षं ही पद्धत चालली. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, विजेच्या तारेने एकमेकांना बांधलेली. एका यंत्रातून धातूचा गोळा बाहेर काढला, की तो पुन्हा कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात शिरणार. इंजिन कितीही ताकदीचं असो, आत कोणी मंत्री बसलेला असो.

मी शोधत गेलो तेव्हा कळलं की काकांची उपमा नुसती उपमा नव्हती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच संगणकशास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न सोडवत होता: एका यंत्रावर अनेक कामं एकाच वेळी चालू असताना एकच वस्तू दोघांनी धरू नये यासाठी काय करायचं? त्याने जो उपाय काढला त्याला नाव दिलं सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. त्यात दोनच क्रिया आहेत, पी आणि व्ही. त्याच्या सुरुवातीच्या टिपणात ही अक्षरं 'पार होणे' आणि 'मोकळे करणे' या अर्थाच्या डच शब्दांची आहेत, आणि हे शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतल्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. आज तुमच्या फोनमधलं प्रत्येक ॲप या कल्पनेवर कुठे ना कुठे उभं आहे.

रोह्यात राहणाऱ्याला हे समजायला पुस्तकही लागत नाही. १९८६मध्ये मुंबईकडून येणारा रूळ रोह्यापर्यंत आला आणि इथेच संपला. पुढे कोकण रेल्वे महामंडळ १९९०मध्ये स्थापन झालं, रोहा-वीर टप्पा १९९३मध्ये सुरू झाला आणि १९९८च्या प्रजासत्ताक दिनी संपूर्ण मार्गाचं उद्घाटन झालं. सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर, आणि सगळा एकेरी. रोहा ते वीर दुहेरी व्हायला २०२१ उजाडलं. वीरच्या पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. म्हणून 'गाडी क्रॉसिंगला थांबलीय' हे वाक्य कोकणात प्रत्येकाला पाठ आहे. अशा मार्गावर किती गाड्या सोडता येतील हे इंजिनांच्या संख्येवरून ठरत नाही. मधल्या स्टेशनांवर बाजूला थांबायला किती लाइन आहेत, यावर ते ठरतं.

मी हे दुसऱ्यांदा चुकून शिकलो. नंबरच्या फाइलला कुलूप घातलं, पास नीट निघू लागले, आणि मग हाव सुटली. आठऐवजी सोळा थ्रेड केले, तर चार सेकंदांचं उत्तर आठ-नऊ सेकंदांनी यायला लागलं, फायदा शून्य. पन्नास केले तेव्हा सर्व्हरने ४२९ हा कोड तोंडावर फेकला. अर्थ सरळ आहे, 'फार विनंत्या करतोयस.' दुसऱ्या दिवशी आमचं खातंच बंद. ते सुरू करून घ्यायला साहेबांना चार फोन करावे लागले, आणि ते फोन चालू असताना मी समोर उभा होतो.

आता बॉटमध्ये आठाचा सेमाफोर आहे. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ब्राउझर. एकच ब्राउझर दोघांत वाटला की एकाने उघडलेल्या पानावर दुसरा बटण दाबतो. थ्रेड फाइलला हातच लावत नाहीत. ते माहिती एका रांगेत टाकतात आणि नंबर देण्याचं काम एकटा एक थ्रेड करतो. नकार आला तर लगेच पुन्हा धडकायचं नाही, आधी दोन सेकंद थांबायचं, मग चार, मग आठ, आणि त्यातही थोडं मागेपुढे, म्हणजे सगळे पुन्हा एकदम दारात जमत नाहीत. पायथनमध्येही १९९२च्या सुमारापासून असंच एक मोठं कुलूप आहे, जिल नावाचं. एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देतं. लोक त्याला शिव्या घालतात. ते काढून चालणारी प्रायोगिक आवृत्ती २०२४मध्ये आली. पण वाट बघणारा थ्रेड हे कुलूप सोडून देतो, त्यामुळे माझ्यासारख्याचं त्यावाचून काही अडत नाही. भरपूर आकडेमोड करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेस लागतात.

२०२४च्या गणपतीआधी डोंबिवलीहून मामाचा फोन आला. कणकवलीचं तात्काळ तिकीट हवं होतं. "तू बॉट लिहितोस ना? मग काढ की दोन तिकिटं."

तांत्रिकदृष्ट्या ते मला जमलं असतं, आणि खरं सांगायचं तर अर्धा तास मी विचारही केला. असे बॉट होतेच. २०१७च्या डिसेंबरमध्ये सीबीआयने तात्काळ तिकिटांचं बेकायदा सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपाखाली एकाला पकडलं, आणि तो निघाला सीबीआयमधलाच असिस्टंट प्रोग्रामर. २०२५मध्ये रेल्वेने सांगितलं की तात्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद झाली, आणि त्या जुलैपासून ऑनलाइन तात्काळला आधार लागायला लागलं. तिकिटांच्या काळ्या धंद्याला रेल्वे कायद्याचं कलम १४३ आहेच. मामाला काही तिकिटं विकायची नव्हती, हे खरं. पण गाडीत बर्थ तेवढेच. माझे पन्नास थ्रेड रांगेत घुसले असते तर मागे ढकलला गेला असता तो कुणीतरी परळच्या खोलीत एका बोटाने कॅप्चा भरणारा, त्याच गाडीने त्याच गणपतीला निघालेला.

मी नाही म्हटलं. मामा चिडला. मग आईने स्वतः फोन हातात घेतला, दहाला पाच कमी असताना चष्मा पुसून बसली. दहा वाजता चक्र फिरायला लागलं. थांबलं तेव्हा वेटिंग ६४.

मामा शेवटी एसटीने गेला. कोलाडला गाडी चहाला थांबली तेव्हा त्याने फोन केला. राग ओसरला होता.

"काय करतोय रे तुझा बॉट?"

"टँकर मोजतोय," मी म्हटलं.