उंडेरा ते सुरत : साथीआधीची तयारी

१९९४ साली बाप्पांचे विसर्जन आटोपले आणि दोन-तीन दिवसांतच सुरतेच्या वेडरोड भागात माणसे तापाने, खोकल्याने दगावू लागली. फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी उधन्याहून ताप्ती लाइनने खानदेश गाठला. पन्नासहून अधिक जीव गेले. टेट्रासायक्लिनने साथ आवरली, पण तो प्लेगच होता का, हा वाद कितीतरी वर्षे चालला. नमुने घेण्याआधीच पुष्कळांनी औषध घेतलेले होते आणि खात्रीच्या तपासणीची सोय अपुरी होती. पुढे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीने प्लेगला दुजोरा दिला.

त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी याच गुजरातेत, मराठी गादीच्या राज्यात, अशा संशोधनाचा एक धडा घडला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंडेरा गावी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना ती टोचली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच; फरक फक्त लसीचा. प्लेग शिरलेल्या २८ घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६.

हा आकडा वाचताना मन चरकते, कारण ती २६ माणसे कुणाच्या तरी घरचीच होती. म्हणूनच आज रुग्णाची संमती आणि नैतिक समितीची मंजुरी लागते. पण ही कामे साथ सुरू झाल्यावर हाती घेतली, तर मंजुरी येईपर्यंत साथ निघूनही जाते. कागदपत्रे, प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आधीच सज्ज हवीत.

तयारीचा उपयोग काय, हे कोरोनात दिसले. २०२० मध्ये नातेवाईक प्लाझ्मासाठी वणवण फिरत होते. त्याच वेळी आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत, असे त्यातून काही महिन्यांतच कळले.

विघ्नहर्त्याला आपण संकट टाळण्याचे साकडे घालतोच. पण उद्या साथीत डॉक्टरांनी नमुना किंवा चाचणीसाठी संमती मागितली, तर घाबरून पळू नये. नीट विचारावे, समजून घ्यावे आणि पटल्यास हो म्हणावे. १९९४ मध्ये जे उत्तर वेळेवर मिळाले नाही, ते पुढच्या पिढीला मिळावे.