वजाबाकी तिच्याच पगारातून का?

दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर हे गणित मांडलं जातं. वर तिचा हातात येणारा पगार, 14,000. खाली पाळणाघर 4,500, ऑटो 1,800, स्वयंपाकाची बाई 2,500, धावपळीतला वरखर्च 1,200. उरले 4,000. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, "चार हजारांसाठी लेकराची आबाळ कशाला?" आकडे घरागणिक बदलतात, मांडणी तीच राहते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. लेकराला ताप आला की कुणाला तरी रजा टाकावीच लागते. शिवाय "खर्च दोघांचा धरा" एवढं म्हटल्याने तो पडत नाही. दोन्ही पगार एकत्र करून वजाबाकी केली तरी फरक चार हजारांचाच येतो. चूक वजाबाकीत नाही, पानावर जे लिहिलंच नाही त्यात आहे.

मूळ वेतन 12,000 असेल तर भविष्यनिर्वाह निधीत तिचे 12 टक्के म्हणजे 1,440 जातात आणि मालकाचेही तेवढेच, त्यातला मोठा भाग निवृत्तिवेतनाकडे. हे 2,880 रुपये हातात येत नाहीत म्हणून वहीतही येत नाहीत. ते धरले तर चार हजारांचे 6,880 होतात. आणि पाळणाघर लागतं तीन-चार वर्षं, नोकरी असते पंचवीस-तीस वर्षांची. सर्वांत महागडा महिना निवडून त्यावरून साऱ्या आयुष्याचा निकाल लावायचा, याला हिशोब कसं म्हणावं? चार वर्षांनी ती परत कामाला लागेल, पण हुकलेल्या पगारवाढी मागून मिळत नाहीत.

आता खरी गोम. आमचं बोरगाव मेघे वर्ध्याला चिकटलेलं. इथून कोणी सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयांत ड्युटीला जातं, कोणी रोज पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला गाडीने. समजा बायको कायम नोकरीतली परिचारिका आहे, नवरा नागपूरच्या दुकानात तिच्या निम्म्या पगारावर. वहीतलाच नियम लावला तर घरी त्याने राहायला हवं. पाळणाघर, रेल्वेचा पास, बाहेरचा डबा हे सारं त्याच्या पगाराखाली मांडून पाहिलंय कुणी? अशा घरातही पान तिच्याच नावाचं निघतं आणि आकडे तिच्या बाजूने गेले की "आईची जागा कोण घेणार?" हे पुढे येतं. म्हणजे निर्णय आधी झालेला असतो, आकडे नंतर गोळा केले जातात.

इथे कुणी जे. सी. कुमारप्पांचं नाव घेईल. वर्ध्याच्याच मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारा हा माणूस शिक्षणाने हिशोबतपासनीस. 1945 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आईच्या निरपेक्ष सेवेला अर्थव्यवहाराच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवलं. मला ते पटतं. पण सेवा मोठी म्हणून सेवा करणारीची झीज लिहायचीच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. 2001 साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला 3,000 रुपये धरलं, तेही जमशेदपूरच्या आगीत बायका गेल्यावर, भरपाई ठरवताना. जिवंतपणी हा आकडा कुठल्या वहीत लिहिला गेला?

मग एकाने घरी राहू नये का? जरूर राहावं, तिने किंवा त्याने. घरच्या माणसाच्या हाताखाली लेकरू वाढणं ही मोठी गोष्ट आहे, आणि परवडत असेल तर ती विकत घ्यावी. परवडतं का, हे राजीनाम्याआधी सहा महिने एकाच पगारात घर चालवून कळतं. दुसरा पगार बँकेत आवर्ती ठेवीत टाकायचा, त्याला हात लावायचा नाही. किस्त, सिलिंडर, दवाखाना, लग्नाचे आहेर, सगळं एका पगारातून भागलं तर पुढचं बोला. कमावणाऱ्याचा मुदत विमा हवाच, घरी राहणाऱ्याचाही हवा. आणि घरी राहणाऱ्याच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जायला हवी, मागायला न लावता. एवढं जमत नसेल तर एका पगारात घर भागत नाही. ते एकाच्या उद्याच्या पैशावर चाललेलं असतं.

माझ्या ओळखीतल्या एका घरी हे पान नुकतंच लिहून झालंय. राजीनाम्यासोबत निधीचे पैसे काढायचाही बेत आहे, गाडीचं कर्ज फेडायला. तिची नोकरी आठ वर्षांची. निवृत्तिवेतनाला दहा लागतात.