सूर्यप्रकाश आणि कांद्याच्या सालींपासून हायड्रोजन बनू शकतो का?

आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात तेव्हा गाळ्यांभोवती सालींचा खच पडतो. अशा सालींपासून, उसाच्या चिपाडापासून किंवा झाडाच्या पानांपासून पदार्थ तयार करून सूर्यप्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळवता येतो, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यात तथ्य किती आणि जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग किती?

प्रकाशाने पाणी कसे फुटते?

१९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. हा पदार्थ म्हणजे पांढऱ्या रंगात वापरली जाणारी पावडर. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि पाण्यातून हायड्रोजन सुटतो. इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या जागी ऑक्सिजन तयार होतो. स्वतः न संपता प्रकाशाच्या मदतीने क्रिया घडवणाऱ्या अशा पदार्थाला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

अडचण अशी, की ही पावडर फक्त अतिनील किरण वापरते. सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. बाकीचे ऊन वाया जाते.

मग वनस्पतींचे काम काय?

‘वनस्पतीजन्य’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

- रंगद्रव्य: पानांतले हरितद्रव्य किंवा जांभळातला जांभळा रंग दिसणारा प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो.
- कार्बन: साली किंवा चिपाड पाण्यासह बंद भांड्यात सुमारे २०० अंशांवर तापवले की कार्बनचे अतिसूक्ष्म कण मिळतात. ते प्रकाश शोषतात आणि इलेक्ट्रॉन वाहून नेतात.
- पानांचा अर्क: कडुनिंबासारख्या अर्काने धातूच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण बनवता येतात. इथे वनस्पती फक्त कण बनवायला मदत करते.
- कच्चा माल: २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील एर्विन राइस्नर यांच्या गटाने लाकूड आणि कागदासारख्या पदार्थांपासून सूर्यप्रकाशात हायड्रोजन मिळवला. त्यांचा उत्प्रेरक मात्र कॅडमियमयुक्त होता.

म्हणजे बहुतेक वेळा वनस्पती उत्प्रेरकाची जोडीदार असते. एकटीने ती सगळे काम करत नाही.

पुण्यात काय सुरू आहे?

पाषाणच्या ‘सी-मेट’ संस्थेत भारत काळे यांच्या गटाने हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून सूर्यप्रकाशाच्या मदतीने हायड्रोजन मिळवण्यावर काम केले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने ‘कृत्रिम पान’ विकसित केले. आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यापासून जिवाणूंच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्याची पद्धत तयार केली. या पद्धतीला प्रकाश लागत नाही.

एका गुंठ्यात किती मिळेल?

२०२१ मध्ये जपानमधील काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरच्या प्रकाश-उत्प्रेरक संचाचा अहवाल प्रसिद्ध केला. हे क्षेत्र जवळपास एका गुंठ्याएवढे. त्यात वनस्पतीजन्य पदार्थ नव्हता आणि सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के मिळाली.

आपल्याकडे चौरस मीटरला दिवसाला सरासरी ५ युनिट ऊर्जेचे ऊन पडते असे धरू. गुंठ्यावर ५०० युनिट झाले. त्याचे ०.७६ टक्के म्हणजे ३.८ युनिट, अर्थात सुमारे ११५ ग्रॅम हायड्रोजन. स्वयंपाकाच्या गॅसच्या हिशोबात ही ऊर्जा सुमारे ३०० ग्रॅमएवढी होते.

त्याच गुंठ्यात २० टक्के कार्यक्षमतेचे सौर पॅनल असतील तर १०० युनिट वीज मिळेल. त्या विजेवर पाण्याचे विघटन केल्यास जवळपास २ किलो हायड्रोजन हाती येईल. आज तरी सरळ पॅनलचा मार्ग कितीतरी पुढे आहे. प्रकाश-उत्प्रेरकाची आशा साधेपणात आहे: कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांवर गेली आणि पदार्थ स्वस्त राहिला, तर महागडी यंत्रणा कमी लागेल.

बातमी वाचताना काय तपासावे?

पहिला प्रश्न: हायड्रोजन शुद्ध पाण्यातून आला की त्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमाइनसारखे रसायन मिसळले होते? प्रयोगशाळेत अशी रसायने सर्रास वापरतात. ती खर्ची पडतात आणि आकडे फुगलेले दिसतात.

दुसरा: पदार्थ किती तास टिकला? वनस्पतींचे रंग उन्हात विटतात. सालीपासून केलेला रंग चार दिवसांत उडाला, तर स्वस्त असूनही तो परवडत नाही.

तिसरा: दिवा कोणता होता? प्रयोगशाळेतला दिवा आणि वैशाखातले ऊन यांत फरक पडतो.

शिवाय पाणी फुटताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले तर मिश्रण स्फोटक होते. घरी किंवा शेतात हा प्रयोग करून पाहू नये.

पुढे काय?

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन क्षमतेचे उद्दिष्ट आहे. त्याचा मुख्य भर विजेने पाणी फोडण्यावर आहे.

त्यामुळे ‘तुमच्या साली द्या, हायड्रोजन प्रकल्पात पैसे गुंतवा’ असे सांगत कोणी आले, तर वरचे तीन प्रश्न आधी विचारावेत. तोपर्यंत कांद्याच्या सालींना कंपोस्टच्या खड्ड्यात जागा आहेच.