इशारा दिला, पण ऐकू आला का?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत ते गुरुजी धडा सुरू करण्यापूर्वी शेवटच्या बाकाकडे पाहून विचारीत, "मागे ऐकू येते का?" होकार आल्यावाचून ते पुढे जात नसत. माझा आजचा विषय त्या प्रश्नाशीच निगडित आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथील काही घरांत एक लहानसा रेडिओ असतो. त्यावर गाणी लागत नाहीत. रात्रंदिवस केवळ हवामान सांगितले जाते, आणि टोर्नेडोचा इशारा येताच तो कर्कश आवाज करून झोपलेल्यांना जागे करतो. हा रेडिओ खरखरतो, याला नीट ऐकू येत नाही, ही तक्रार वरवर घरगुती वाटते. तिच्यामागे मात्र मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या हवामान खात्याने आपल्या अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्दच वर्ज्य मानला होता. लोक घाबरून सैरावैरा धावतील आणि वादळापेक्षा भीतीनेच अधिक हानी होईल, अशी धास्ती होती. हा निर्बंध १९३८ साली उठला. पुढे २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर टोर्नेडो आदळला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तेथील फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी तशाच वादळाचे भाकीत केले आणि ते खरे ठरले. शब्द मोकळा झाला, भाकीतही साधले; आता ते घरोघर पोहोचवायचे कसे, हा प्रश्न उरला.

या प्रश्नाची किंमत लवकरच मोजावी लागली. ११ एप्रिल १९६५ च्या रविवारी मध्य-पश्चिमेकडील राज्यांत टोर्नेडोंनी अडीचशेहून अधिक माणसे मारली. इशारे दिले गेले होते. पण पुष्कळांच्या कानी ते पडलेच नाहीत. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक लोक दगावले. त्यानंतर, जानेवारी १९७५ मध्ये, घरोघर थेट इशारा देणारी एकमेव सरकारी नभोवाणी म्हणून हवामान-रेडिओला मान्यता मिळाली.

तरीही २७ मार्च १९९४ रोजी अलाबामा राज्यातील गोशेन येथील चर्चवर प्रार्थना चालू असताना टोर्नेडो कोसळला आणि तेथे वीस जणांचा बळी गेला. इशारा काही मिनिटे आधीच प्रसृत झाला होता. तो चर्चच्या आत पोहोचला नव्हता. या घटनेनंतर उपराष्ट्राध्यक्ष अल् गोर यांनी हे जाळे विस्तारण्याचा आग्रह धरला. आज त्यात एक हजारांहून अधिक प्रक्षेपक आहेत.

जाळे वाढले, तरी शेवटचे काही हात अंतर घरातच कापावे लागते. हा रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात वाहिन्यांवर चालतो. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात त्या सुमारे साठ किलोमीटरपर्यंत ऐकू येतात. टेकडी आड आली की क्षीण होतात. पत्र्याचे छप्पर, काँक्रीटच्या भिंती आणि तळघर हे त्यांचे वैरी. यातला विरोधाभास ध्यानात घ्यावा : टोर्नेडोपासून जी जागा सर्वांत सुरक्षित, तीच ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट! म्हणून संच एरवी वरच्या मजल्यावर, प्रक्षेपकाच्या दिशेच्या खिडकीशी ठेवावा. अँटेना पूर्ण ओढून उभी करावी. मोबाइलचे चार्जर, संगणक आणि एल.ई.डी. दिवे खरखर निर्माण करतात. त्यांपासून तो दूर असावा. एवढ्यानेही भागले नाही, तर घराबाहेर उंचावर अँटेना लावून ती तारेने संचाला जोडावी.

याहून घातक चूक वेगळीच आहे. सर्वांत स्पष्ट ऐकू येणारे केंद्र आपल्याच जिल्ह्याचे इशारे देते, असे नाही. १९९० च्या दशकात प्रत्येक जिल्ह्याला सहा अंकी संकेतांक देण्याची पद्धत रूढ झाली. संकेतांक आपला आणि वाहिनी परक्या केंद्राची, असे झाल्यास आवाज उत्तम येतो आणि इशाऱ्याच्या वेळी रेडिओ गप्प बसतो. शिवाय प्रक्षेपकही मुका होऊ शकतो. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामात सकाळच्या वादळांनी वीज घालवली आणि काही प्रक्षेपक बंद पाडले. दुपारी त्याहून भीषण टोर्नेडो आले. म्हणून संचात ताज्या बॅटऱ्या हव्यात आणि इशाऱ्याचे दुसरे साधनही जवळ हवे.

हा धडा केवळ परदेशाचा नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात होते. मोबाइलचा संदेश किनाऱ्यापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर जातो. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. पुढे २०१९ मध्ये 'गगन' उपग्रहांमार्फत खोल समुद्रातही इशारा पोहोचवणारे 'जेमिनी' हे उपकरण आले. त्यामागे आपल्याच हैदराबाद शहरातील महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे 'इन्कॉइस', होते, ही अभिमानाची गोष्ट आहे.

इशारा दिल्याची नोंद दप्तरात राहते. तो ऐकला गेला की नाही, हे मात्र विचारल्यावाचून कळत नाही. अमेरिकेतील हवामान-रेडिओची साप्ताहिक चाचणी बहुधा बुधवारी होते. पुढच्या वेळी मुलांशी फोनवर बोलाल, तेव्हा "जेवलात का?" या प्रश्नाबरोबर एवढेही विचारा : "बुधवारची चाचणी ऐकू आली का?"